बंद दाराआडचा दावा, उघड्या पडद्यावरची चर्चा

सावद्याहून रावेरला तारखेसाठी जाणारा माणूस पूर्वी चार-दोन जणांच्याच दृष्टीस पडत असे. एस.टी.त भेटलेला एखादा ओळखीचा, न्यायालयाच्या आवारातील टंकलेखक, वकीलसाहेबांचा कारकून. सायंकाळी पेढीवर डोकावणाऱ्या शेजाऱ्याला त्याचा सुगावा लागे. बातमी पसरत नसे असे नाही. तिला तिखटमीठही लागे. परंतु ती तोंडोतोंडी चालत असल्यामुळे तिला कागदाचा आधार नसे आणि पुढच्या हंगामापर्यंत ती बहुधा विरून जाई. आज वादपत्राच्या पानांचे छायाचित्र दुपारी घेतले जाते आणि दिवेलागणीपूर्वी ते फैजपूर, भुसावळ, जळगाव, पुणे, सुरत अशा ठिकाणी विखुरलेल्या नात्यागोत्याच्या हाती असते. ते विरत नाही. दहा वर्षांनी घरातील मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की पुन्हा वर येते.

व्यापारी घराण्याला याची झळ दुहेरी बसते. सावदा-रावेर परिसरातील केळीचा व्यवहार पाहावा. बाग कापली जाते, घड वजन होऊन गाडीत चढतात, माल उत्तरेच्या बाजारपेठांकडे निघतो आणि शेतकऱ्याचे पैसे मात्र मागाहून येतात. मधल्या दिवसांत त्याच्या हाती असते ती व्यापाऱ्याची चिठ्ठी आणि त्यामागचे घराण्याचे नाव. किराणा, कापड, सराफी, धान्य, कोणताही धंदा घेतला तरी पत हेच खरे भांडवल. अशा वेळी तीन भावांच्या वाटणीच्या दाव्यात एका भावाने लिहिलेले ‘फर्मवर भरमसाट देणे झाले आहे’ एवढे एकच वाक्य जर गावच्या समूहात फिरले, तर ते खरे की खोटे हे न्यायालय ठरवीपर्यंत ठेवीदार, पुरवठादार आणि बँक आपापला निर्णय घेऊन मोकळे झालेले असतात. निकाल अनुकूल लागला तरी गेलेला गिऱ्हाईक त्या निकालाची नक्कल वाचायला परत येत नाही.

‘कोर्टात गेलेली गोष्ट जगजाहीरच असते, मग लपवायचे काय?’ असे पुष्कळ जण म्हणतात. ‘आमचा घटस्फोटाचा खटला बंद दाराआड आहे, म्हणजे सर्व सुरक्षित आहे’ असेही तितकेच जण मानतात. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. कायदा काही दारे आपणहून लावतो, काही दारे कोणी मागणी केली तरच लावतो आणि काही मुळीच लावत नाही. आणि जे बाहेर जाते ते बहुतेक वेळा न्यायालयाच्या दारातून गेलेलेच नसते. घरच्याच एखाद्या हातातून गेलेले असते.

मुंबईतील एक व्यापारी साक्षीदार

या विषयावरील आपल्या देशातील एक अत्यंत महत्त्वाचा निकाल मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या तक्रारीतून निघाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ‘ब्लिट्झ’ या गाजलेल्या साप्ताहिकाच्या सप्टेंबर १९६० मधील एका लेखावरून उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी संपादक आर. के. करंजिया यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अब्रूनुकसानीचा दावा लावला. भरपाईची मागणी ३ लाख रुपयांची होती. या दाव्यात एक व्यापारी साक्षीसाठी उभा राहिला. तो ना वादी, ना प्रतिवादी. त्याचे नाव निकालपत्रात छापलेले आहे. येथे ते मुद्दाम लिहिलेले नाही. त्याच्या साक्षीचा वृत्तांत वर्तमानपत्रांत आला. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा साक्षीला बोलावले गेले, तेव्हा त्याने न्यायमूर्तींना विनंती केली, की मागील साक्ष छापून आल्यामुळे आपल्या धंद्याचे नुकसान झाले आहे, तरी आता जे सांगेन ते छापले जाऊ नये.

न्यायमूर्ती होते वि. म. तारकुंडे. मूळचे सासवडचे, आणि पुढील आयुष्यात नागरी स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून देशभर ओळखले गेलेले. त्यांनी ही विनंती मान्य केली आणि तोंडी आदेश दिला. न्यायालयाचे दार उघडेच राहिले. लोक बसून ऐकत राहिले. फक्त साक्ष छापायची नाही एवढेच ठरले. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर आणि अन्य पत्रकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ३ मार्च १९६६ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले प्र. बा. गजेंद्रगडकर. बहुमताचे म्हणणे असे, की न्यायदान खुलेपणाने व्हावे हा नियमच होय, कारण लोकांच्या नजरेखाली चाललेल्या न्यायावर लोकांचा विश्वास बसतो. परंतु न्यायाच्याच हितासाठी आवश्यक असेल तेव्हा प्रसिद्धी रोखण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे. साक्षीदार भीतीने सत्य दडवणार असेल, तर खुलेपणाचा उपयोग काय? न्या. हिदायतुल्ला यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदवले. खुल्या न्यायालयात झालेल्या साक्षीच्या प्रसिद्धीवर अशी बंदी घालता येत नाही, असे त्यांना वाटले. त्यांचे मतही वजनदार आहे आणि आजही अभ्यासक ते आवर्जून वाचतात.

आपल्या दृष्टीने या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. त्या व्यापाऱ्याने मागितले, म्हणून त्याला मिळाले. पहिल्या वेळी त्याने मागितले नव्हते. त्या साक्षीचा वृत्तांत छापून आला आणि जो तोटा व्हायचा तो होऊन गेला.

कायदा आपणहून कोणते दार लावतो?

वैवाहिक दाव्यांपुरते बोलायचे तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा आपणा जैनांनाही लागू आहे. या कायद्याचे कलम २२ प्रत्येक घरात माहीत असायला हवे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोट, न्यायिक विभक्तता, नांदायला येण्याचा दावा अशी या कायद्याखालची प्रत्येक कार्यवाही बंद दाराआड चालवणे बंधनकारक झाले. त्याच कलमात पुढे असेही आहे, की अशा कार्यवाहीसंबंधीचा कोणताही मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदा आहे. अपवाद फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, आणि तोही त्या न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने. शिक्षा? एक हजार रुपयांपर्यंत दंड! १९५५ साली ही रक्कम बोचली असेल. आज तेवढ्यात एका वेळचे कुटुंबाचे जेवणही होत नाही. संसदेने या आकड्याकडे अद्याप लक्ष दिलेले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

तरीही या कलमाचे मोल दंडात नाही, त्याच्या शब्दांत आहे. ‘छापणे किंवा प्रसिद्ध करणे’ यांतील दुसऱ्या शब्दाला कागद आणि पडदा असा भेद ठाऊक नाही. दोनशे जणांच्या समूहात पत्नीच्या अर्जाची पाने टाकणारा पती, किंवा पतीच्या कैफियतीतील परिच्छेद अधोरेखित करून फिरवणारे पत्नीचे नातलग, दोघांनीही हे कलम वाचून पाहावे. असे कृत्य न्यायाधीशांच्या निदर्शनास आणून दिले, तर ते करणाऱ्याविषयी न्यायालयाचे जे मत होते ते हजार रुपयांपेक्षा पुष्कळ महाग पडू शकते.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ११ प्रमाणे दोहोंपैकी एकाही पक्षकाराने इच्छा दर्शवली तरी कुटुंब न्यायालयाला बंद दाराआड सुनावणी घ्यावीच लागते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातही तशी सोय आहे. न्यायालयीन कामकाज थेट दाखवावे, असा २६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल आहे; त्यातसुद्धा वैवाहिक प्रकरणे वगळण्यात आली.

पण एकाच लग्नाचे दोन खटले झाले, की एका बाजूचे दार उघडे पडते. घटस्फोटाचा अर्ज बंद दाराआड चालतो. छळाची फिर्याद मात्र पोलीस ठाण्यात नोंदली जाते आणि तिचा खटला साधारणपणे खुल्या न्यायालयात चालतो. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवला जातो. आरोपीला आपल्यावरील आरोप लवकर कळावा हा त्यामागील हेतू योग्यच. परंतु परिणाम असा, की ज्या गोष्टी विवाहाच्या खटल्यात कोणी बाहेर सांगू शकत नाही, त्याच गोष्टी फिर्यादीच्या प्रतीतून गावभर वाचल्या जाऊ शकतात. फिर्यादीत सासू-सासरे, दीर, विवाहित नणंद, सर्वांची नावे व पत्ते असतात. खालून कोणी सोडले गेले तरी ती प्रत बदलत नाही.

भाऊबंदकीचे दावे

आपल्या समाजात घटस्फोटापेक्षा जास्त वर्षे चालणारे दावे वाटणीचे आणि भागीदारीचे असतात. त्यांना कलम २२ नाही. वाटणीचा दावा, फर्म विसर्जित करण्याचा दावा, मृत्युपत्राची भांडणे, हे सर्व खुल्या न्यायालयात चालते. पक्षकारांची नावे, पुढील तारीख आणि आदेश ‘ई-कोर्ट्स’च्या संकेतस्थळावर व ॲपवर दिसतात. सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक माहीत नसला, तरी नाव टाकून शोध घेता येतो. यात गैर काही नाही. ज्याला तारखेसाठी सावद्याहून जळगावला खेपा घालाव्या लागत, त्याचा दिवस आज वाचतो.

मात्र तेथे दिसते ते फार तर आदेशाचे पान. वादपत्र, कैफियत, प्रतिज्ञापत्र, निशाणी ५ चा मनाईचा अर्ज, दाखल केलेली कीर्द-खतावणी यांच्या नकला पक्षकाराला सहज मिळतात. त्रयस्थाला त्यासाठी अर्ज करून कारण सांगावे लागते. तेव्हा घरच्या मिळकतींची यादी किंवा आईच्या दागिन्यांचा तपशील जेव्हा समूहात झळकतो, तेव्हा तो कोणी तिऱ्हाइताने शोधून काढलेला नसतो. दोन बाजूंपैकी एकीने तो पाठवलेला असतो. बहुतेक वेळा थेट पक्षकारानेही नव्हे. मामा, मेव्हणा, साडू, ‘आमच्यावर किती अन्याय झाला ते लोकांना कळू दे’ म्हणणारा एखादा हितचिंतक.

येथे वकिलाच्या टेबलावरच सावध राहण्याजोगी एक गोष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम २ प्रमाणे वादपत्रात केवळ महत्त्वाची तथ्ये लिहायची असतात, पुरावा नव्हे. आणि नियम १६ प्रमाणे अनावश्यक, बदनामीकारक किंवा केवळ त्रास देण्यासाठी घातलेला मजकूर वगळण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. वाटणी मागायला भावाच्या व्यसनाची कहाणी लागत नाही. हिस्सा किती आणि मिळकती कोणत्या एवढे लागते. तरीही रागाच्या भरात पक्षकार सांगत जातो आणि नवशिका वकील लिहीत जातो. असा मजकूर विरुद्ध बाजूने आला असेल, तर कैफियत देतानाच नियम १६ चा अर्ज द्यावा. हिशेबाची पुस्तके, ग्राहकांची नावे, बँकेचे उतारे दाखल होणार असतील, तर ते लखोट्यात बंद ठेवावेत, त्यांची नक्कल त्रयस्थाला देऊ नये, अशी विनंती संहितेच्या कलम १५१ खाली करता येते. मिळेलच असे नाही. पण वर सांगितलेल्या मुंबईच्या व्यापाऱ्याला ज्या अंगभूत अधिकाराने संरक्षण मिळाले, तो हाच.

खरे असले म्हणून?

‘आम्ही खोटे काय लिहिले? जे कोर्टाच्या कागदात आहे तेच पुढे पाठवले’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रूनुकसानीच्या गुन्ह्याला काही अपवाद आहेत. न्यायालयीन कामकाजाचा बराचसा खराखुरा वृत्तांत देणे, हा त्यांपैकी एक. पण सत्यकथनाचा जो अपवाद आहे तो नुसत्या सत्यावर थांबत नाही. ते सत्य सांगणे सार्वजनिक हिताचे असले पाहिजे, अशी अट त्याला जोडलेली आहे. दोन जावांमधील बोलाचाली जगाला कळण्यात कोणते सार्वजनिक हित आहे, ते सांगणे पाठवणाऱ्याला अवघड जाईल. शिवाय वादपत्रातील विधान म्हणजे शाबीत झालेली गोष्ट नव्हे. ‘कोर्टाने म्हटले’ आणि ‘कोर्टात अमुक जण म्हणाला’ यांतील अंतर समूहातील दोन ओळींत नेमके पुसले जाते.

आपल्या वाचकांना ही अट अनोळखी वाटू नये. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे स्थूल मृषावादविरमणाचे, पाच अतिचार प्रतिक्रमणात आपण आठवतो: सहसाभ्याख्यान, रहोभ्याख्यान, स्वदारमंत्रभेद, मृषोपदेश आणि कूटलेख. परंपरेनुसार नावांत थोडा फरक पडतो. तत्त्वार्थसूत्रात साकारमंत्रभेद असा शब्द येतो. विचार न करता आळ घेणे, एकांतातील गोष्टीचा बोभाटा करणे, पत्नीने विश्वासाने सांगितलेले उघड करणे, चुकीचा सल्ला देणे, बनावट लेख तयार करणे. यांतील दोन अतिचार असे आहेत, की त्यांत सांगितलेली गोष्ट खोटी असण्याची गरज नाही. विश्वासाने कानावर पडलेले खरे बाहेर फोडणे, हाही सत्यव्रताला लागलेला डागच मानला आहे. अठरा पापस्थानांतील अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद ही तेरावी, चौदावी व सोळावी स्थाने तर आपण मुखोद्गत म्हणतो. ज्या काळी टपालही नव्हते, त्या काळी हा भेद इतक्या बारकाईने कोणी केला असेल, याचे नवल वाटते.

मौनाची दुसरी बाजू

एवढे म्हटल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख भलत्याच कामाला येईल. ‘घरची गोष्ट घरातच राहू दे’ हे वाक्य आपल्या घरांत पुष्कळदा सुनेला आणि लेकीलाच ऐकवले गेले आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण त्या मुठीत कोणाची बोटे चिरडली जातात, हेही पाहिले पाहिजे.

रखमाबाईंचा खटला मराठी माणसाला विसरता येणार नाही. अकराव्या वर्षी त्यांचे दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले होते. १८८४ मध्ये दादाजींनी, पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी, पतीकडे जा अथवा सहा महिने कैद भोगा, असा आदेश दिला. तोपर्यंत हा एका घरातला वाद राहिलेला नव्हता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ रखमाबाईंच्या विरुद्ध, सुधारक त्यांच्या बाजूने, इंग्रजी पत्रे आपापल्या मतांनी. दादाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू पुस्तिकेच्या रूपाने छापून काढली, तीत घराण्याची मालमत्ता आणि आप्तांचे हेतू यांचा उहापोह केला. रखमाबाईंना त्याला वृत्तपत्रातून उत्तर द्यावे लागले. आजच्या समूहांत जे चालते, ते त्या वेळी छापील कागदावर चालले होते. फरक वेगाचा.

पण त्याआधी, १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली होती. ती रखमाबाईंची होती. त्यांत त्यांनी एका प्रथेविरुद्ध लिहिले, आपले नाव झाकून. काय सांगायचे, किती सांगायचे आणि स्वतःचे नाव कधी पुढे करायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. पुस्तिकेने मात्र त्यांच्या घराविषयी त्यांच्या संमतीवाचून सांगितले. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवले. रखमाबाई पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, वैद्यक शिकून १८९४ मध्ये परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

तेव्हा कुटुंबाची गुप्तता याचा अर्थ छळ सोसणाऱ्या मुलीने पोलिसांकडे, संरक्षण अधिकाऱ्याकडे, वकिलाकडे किंवा माहेरी बोलू नये असा मुळीच नाही. तेथे बोलणे हा तिचा हक्क आहे आणि तेथे बोलल्याबद्दल तिला घराण्याच्या अब्रूची भीती घालणे हे उघड दडपण आहे. ज्या ठिकाणी तक्रारीचा निवाडा होऊ शकतो तेथे ती न्यावी. जेथे फक्त चघळली जाईल तेथे कोणीच नेऊ नये, ना तिने, ना तिच्या सासरच्यांनी. सासरच्यांना हे दुसरे अर्धे वाक्य सहसा ऐकवले जात नाही.

ध्वनिफिती आणि समूहप्रमुख

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की पती-पत्नींतील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून दाखल होऊ शकते. त्यानंतर आपल्याकडे जणू ध्वनिमुद्रणाला मोकळीकच मिळाली असा समज झाला. निकाल न्यायाधीशांपुढे ठेवायच्या पुराव्याविषयी आहे. तीच फीत मावशीच्या समूहात टाकणे म्हणजे पुरावा देणे नव्हे. ती बंद दाराआडची कार्यवाही बाहेर आणणे होय, आणि वरील कलम २२ तेथे आडवे येते.

समाजाचे, परिसराचे, परिचय संमेलनाचे असे समूह चालवणाऱ्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल दिलासा देणारा आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान उद्देश वा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ समूहप्रमुख म्हणून फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्यात म्हटले आहे. कायदा एवढ्यावर त्यांना सोडतो. पण समूहप्रमुखाच्या हाती मजकूर काढून टाकण्याची कळ असते, आणि रात्री अकराला कोणाच्या तरी सुनेचे प्रतिज्ञापत्र आले तर ती दाबायला सकाळची वाट पाहण्याचे कारण नाही. परिचय पुस्तिकेतून ज्या मुला-मुलींची माहिती आपण विश्वासाने घेतो, त्यांच्याच घरचे कागद त्याच समूहात फिरावेत, हे शोभणारे नाही. त्यांतही ज्यांच्या ताब्यावरून आई-बाप भांडत आहेत, ती लहान मुले कोणाच्याच बाजूची नसतात. उद्या शाळेतील सोबती तो कागद वाचणार आहेत.

मागे राहिलेले पुसता येते का?

खटला संपला, समेट झाला, मुलीचे दुसरे लग्नही झाले; तरी शोधयंत्रात नाव टाकले की जुना निकाल वर येतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने मान्य केले, तेव्हापासून ‘विसरले जाण्याचा हक्क’ हा शब्द आपल्याकडे रुळला. केरळ उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०२२ रोजी, कौटुंबिक व वैवाहिक प्रकरणांत पक्षकारांनी मागणी केल्यास त्यांची ओळख पटेल असा तपशील संकेतस्थळावर ठेवू नये, असे सांगितले. इतर प्रकरणांत मात्र खुल्या न्यायदानाच्या तत्त्वापुढे असा सरसकट हक्क मान्य केला नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचे नाव झाकण्याचा आदेश दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये स्थगिती दिली. सारांश, निकाल एकदा बाहेर गेल्यावर त्याच्यामागे धावणे कठीण आणि खर्चाचे आहे. उच्च न्यायालयात वैवाहिक प्रकरण दाखल करतानाच पक्षकारांची नावे आद्याक्षरांनी लिहावीत, असा अर्ज करणे त्या मानाने सोपे. वकिलाला हे पहिल्या भेटीतच सांगावे; ते विसरले तर आठवण करून द्यावी, त्यात संकोच नको.

आणि ज्यांचे भांडण अजून न्यायालयात गेलेले नाही, त्यांना अजून एक वाट मोकळी आहे. पूर्वी सावद्यासारख्या गावी दोन वडीलधारी माणसे गादीवर बसून भावाभावांच्या वहीचा निकाल लावत. त्या पंचांचे शब्द बाहेर जात नसत ही त्या पद्धतीची खरी ताकद. स्त्रियांचे म्हणणे तेथे क्वचितच ऐकले जाई ही तिची मोठी उणीव. आजच्या कायद्यात त्या ताकदीची सोय आहे. भागीदारीच्या करारात लवादाचे कलम असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ४२-क प्रमाणे लवादाची कार्यवाही गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. निवाड्याची अंमलबजावणी करण्यापुरताच तो उघड करता येतो. दावा चालू असतानाही न्यायालय तो मध्यस्थीकडे पाठवू शकते, आणि मध्यस्थाने तेथे काय बोलणे झाले ते न्यायालयालाही कळवायचे नसते. समेट झाला एवढे, किंवा झाला नाही एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. मध्यस्थीत सून, बहीण, विधवा भावजय यांना स्वतंत्र बसून बोलता येते. जुन्या पंचायतीत ही सोय नव्हती.

समेट झालाच, तर तडजोडीच्या पुरसीसमध्ये रकमा आणि मिळकतींबरोबर आणखी चार ओळी घालून घ्याव्यात. दोन्ही बाजूंनी या वादासंबंधीचे कागद, ध्वनिफिती व छायाचित्रे जेथे जेथे पाठवली असतील तेथून काढून टाकावीत. यापुढे कोणत्याही माध्यमातून ती पाठवू नयेत. नातलगांकडूनही तसे होणार नाही याची काळजी घ्यावी. आणि मुलांच्या नावाचा उल्लेख कोणी कोठे करू नये. तडजोडीचा हुकूमनामा झाला की या ओळीही त्याचा भाग होतात आणि मोडल्यास त्याच न्यायालयात दाद मागता येते. पुरसीसवर सह्या करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी वकिलांसमोर बसून आपापले समूह उघडावेत आणि कोणता कागद कोठे गेला याची यादी तेथेच करावी. ही यादी करायला अर्धा तास लागतो.